मागाच्या खड्ड्यातली भाजी

पायलनं प्रेमिलाच्या घरी आंबाडीची भाजी दोनदा मागून खाल्ली, ही बातमी कुसुमावतीपर्यंत पोहोचायला दहा मिनिटंही लागली नाहीत. बातमी आणली गोपिकानं. गोपिका समोरच्या गल्लीत राहायची, धरमपेठेत चार घरची धुणीभांडी करायची, आणि एका घरचं दुसऱ्या घरी पोहोचवल्याशिवाय तिच्या घशाखाली चहा उतरत नसे.

"तुमची नात तं बोटं चाटून राहिली होती बाई," ती उंबऱ्यावर टेकत म्हणाली. "ज्वारीची भाकर, आंबाडी, वरून जवसाची चटणी. प्रेमिलाताई म्हणे, घे माय अजून, पोटभर खाय."

कुसुमावती पाट्यावर मसाला वाटत होती. तिचा हात थांबला नाही, पण वरवंट्याचा आवाज बदलला.

"काहून, माह्या घरी पोट भरत नाही का तिचं?"

"तसं कुठं म्हटलं मी?"

"म्हणू नको. चहा पी न जाय."

गोपिका गेली. मसाला केव्हाच बारीक झाला होता, तरी कुसुमावती वाटत राहिली. तीस वर्षं तिच्या दारावर सावजी भोजनालयाची पाटी होती. कोराडीच्या रस्त्यानं कोळशाचे ट्रक घेऊन जाणारे लोक गाडी उभी करून तिच्या हातचं मटण खायला वर टेकडीवर चढायचे. बोटभर तेलाची तर्री, काळा रस्सा, नाकातून पाणी आणि तोंडातून 'वा'. आणि तिच्याच पोटच्या पोराची पोरगी त्या प्रेमिलाच्या दारात बसून पाला मागून खाते!

पायलच्या त्या कागदापासून हे सगळं सुरू झालं होतं. शाळेत नर्सबाईनं बोटाला सुई टोचली आणि कागद दिला. कुसुमावती दुसरीपर्यंत शिकलेली, तिला पाट्या वाचता यायच्या, कागद नाही. सून भारतीनं वाचून सांगितलं, रक्त आठ.

"आठ म्हणजे काय? आठ लिटर?"

"कमी आहे म्हणते, आई. बारा पाह्यजे."

"मटणाच्या घरात रक्त कमी? नर्सबाईले म्हणा, मशीन धुऊन घे."

भारतीनं कागदाची घडी करून ठेवली होती. बोलली असती तर हेच, की मटण गिऱ्हाइकांसाठी असतं; घरात सकाळी आलू, रात्री आलू, आणि शाळेत जाताना पोरगी कोपऱ्यावरच्या दुकानातून पाच रुपयाचं पाकीट फोडून खाते. दुसरं मिळत तरी काय होतं? टेकडीवरच्या या वस्तीत भाजीची गाडी चढत नसे. आठवडी बाजार पाच किलोमीटरवर, ऑटोचेच चाळीस रुपये. बाया शहरातून काम करून परत येईपर्यंत दिवस बुडायचा. कोपऱ्यावरच्या दुकानात कोंब फुटलेले आलू, कांदे, आणि दारावर तोरणासारखी लटकलेली रंगीत पाकिटं. वस्ती त्याच्यावर जगत होती.

संक्रांतीला प्रेमिलानं अकरा बाया गोळा केल्या, बॅटरीची रिक्षा किरायानं घेतली आणि आठवड्यातून तीन दिवस कळमन्याच्या बाजारातून भाजी आणायला लागली. प्रेमिला म्हणजे कुसुमावतीची धाकटी जाऊ. बारावी शिकलेली, बोलायला मऊ. तीन महिन्यांत वस्तीच्या तोंडी एकच नाव झालं. प्रेमिलाताईची पालक, प्रेमिलाताईची मेथी. जणू मेथीला प्रेमिलानंच जन्म दिला होता.

आता वैशाख लागला होता. पहाटे आणलेली पालक दहा वाजेपर्यंत धुतलेल्या फडक्यासारखी पडायची. प्रेमिलाला थंड जागा पाहिजे होती. आणि सगळ्या टेकडीवर थंड जागा एकच होती, कुसुमावतीच्या घरातली हातमागाची खोली.

सासऱ्यांनी, बापूजींनी, शहरातल्या कोष्ट्यांच्या दाट मोहल्ल्यातून कुटुंब इथं आणलं तेव्हा घराच्या आधी मागाचा खड्डा खणला होता. हात-दीड हात जाडीच्या मातीच्या भिंती, वर कवेलूचं छप्पर, मध्ये कमरेइतका खोल खड्डा, त्यात पाय सोडून बसायचं आणि पायांनी पावड्या दाबायच्या. वाटणीत ती खोली कुसुमावतीच्या वाट्याला आली. माग विकून अकरा वर्षं झाली होती. खड्ड्यावर फळ्या टाकल्या होत्या, दाराला कुलूप होतं, आणि किल्ली तिच्या कमरेला.

त्या खोलीत तिचं काहीच नव्हतं. जे होतं ते प्रेमिलाचं होतं. कुसुमावतीच्या नवऱ्याला, दादाजींना, डोळ्यांनी सूत दिसेनासं झालं, धाकटा जागेश्वर कोराडीच्या वीजकेंद्रात लागला, आणि मागावर बसायला माणूस उरला नाही, तेव्हा बापूजींनी नव्या सुनेला खड्ड्यात बसवलं. मोठीला नाही. 'मोठी चुलीपाशीच बरी,' म्हणाले. आणि मग पाहुणे आले की धाकटीनं विणलेली लुगड्याची किनार उलगडून दाखवायचे, 'या पोरीच्या हातात सूत बोलते.' कुसुमावती हे चुलीपाशी बसून ऐकायची. बापूजी वीस वर्षं तिच्या हातचं दोन वेळ जेवले. मीठ बरोबर आहे, एवढंही कधी म्हणाले नाहीत.

*

रविवारी चार वाजता जागेश्वर आणि प्रेमिला आले. कुसुमावतीनं त्यांना खाटेवर बसवलं आणि स्वतः बंद खोलीच्या दारापुढं पाट टाकून बसली. मुलगा हेमराज टेम्पोच्या किल्ल्या बोटात फिरवत उभा होता, भारती स्वयंपाकघराच्या दारात.

"वहिनी," जागेश्वरनं घसा खाकरला, "खोली मागाले आलो नाही. वापराले मागून राहिलो. किराया देऊ."

"किराया? घरच्या माणसापासून किराया घेतला तं लोक तोंडात शेण घालतील माह्या, भाऊजी."

"मंग तशीच द्या."

"तशीच काहून देऊ?"

जागेश्वरनं बायकोकडं पाहिलं. रिटायर झाल्यापासून त्याचं निम्मं बोलणं असंच बायकोकडं पाहण्यात जायचं.

प्रेमिला पुढं सरकली. "बाई, अर्धी भाजी फेकावी लागते. फेकलेल्याचा भाव उरलेल्यावर चढते, मंग ती बायायले परवडत नाही. तुमच्या खोलीत ओली पोती टाकली तं संध्याकाळपर्यंत टिकंल. बाया कामावरून येतातच संध्याकाळी. ह्या आठवड्यात जागा नाही भेटली तं आमाले बंद करावं लागंल. अर्ध्या बाया आताच थकल्या."

"तं बंद कर. कोणी सांगितलं होतं सुरू कराले?"

"आई, देऊन टाका ना," दारातून भारती म्हणाली.

कुसुमावतीनं हळूच मान वळवली. "तू काहून बोलून राहिली मधात?"

भारतीनं पदराला हात पुसले. "मीबी आहे त्यायच्यात. अकरा बायायमधी."

"कधीपासून?"

"संक्रांतीपासून."

"म्हणजे तू मले सांगून जाते, कोराडीच्या देवीले चालली..."

"देवीलेबी जातो आई. येता येता."

हेमराज हसला आणि आईचं तोंड पाहून लगेच गप्प झाला. कुसुमावतीनं पाट बंद दाराशी आणखी मागं सरकवला. नात गेली. सून तर केव्हाच गेली होती, पहाटे पाच वाजता, देवीच्या नावानं, तिच्याच डोळ्यांसमोरून. सगळ्या घरातून ही बाई एकेक धागा ओढून नेत होती, आणि वरून तोंड असं, जसं काही घेतच नाही.

"माय," हेमराज मध्येच म्हणाला, "मी तं त्या पाकीटवाल्या एजन्सीले जबान देऊन बसलो. त्यायले माल ठेवाले खोली पाह्यजे. महिन्याचे चार हजार देते म्हणते."

"तुले कोणी विचारलं गा? तुही खोली आहे का?"

"मी म्हटलं..."

"तू म्हणू नको." ती परत प्रेमिलाकडं वळली. "मले सगळं समजते वं. तुले भाजी ठेवाची नाही. तुले ती खोली पाह्यजे. पह्यलेपासून पाह्यजे होती."

खाट करकरली. जागेश्वर उठायला लागला होता. प्रेमिलानं त्याच्या हातावर हात ठेवला.

"मले माग नको आता, बाई. माहे गुडघे त्या खड्ड्यात उतरत नाही."

"मंग भाजी घेऊन काहून फिरते दारोदार? मोठेपणा पाह्यजे ना? ताई म्हणवून घ्याचं आहे ना?" कुसुमावती पाटावरून उठली. "तीस वर्षं आल्यागेल्याले खाऊ घातलं मी. टोपलीभर पालकाचं काय कौतिक! वस्तीले भाजीच पाह्यजे ना? मी आणीन. तुह्यापेक्षा ताजी, तुह्यापेक्षा सस्ती. उद्याच पाहा."

प्रेमिला खाटेवरून उठली. "आणा ना बाई," ती म्हणाली. "वस्ती मोठी आहे."

ती चिडली असती तर कुसुमावतीला रात्रभर शांत झोप लागली असती.

*

दुसऱ्या दिवशी पहाटे हेमराजच्या टेम्पोत बसून कुसुमावती कळमन्याला पोहोचली तेव्हा लिलाव रंगात आला होता. लसूण, मिरची, कांदे ती इथूनच न्यायची, पण पालेभाजीच्या गल्लीत तिनं कधी पाय ठेवला नव्हता. ओल्या मातीचा वास, पायाखाली चिखल, हिरव्या ढिगांवर पाणी मारणारी माणसं. आणि त्यांच्यामध्ये पदर खोचून उभी प्रेमिला.

"या ताई, या," अडत्या श्रीधरसेठ तिला म्हणत होता. "आज आंबाडी तुमच्यासाठीच ठेवली."

इथंही ताई! कुसुमावतीनं माणसांना कोपर मारत वाट काढली.

पालकाच्या ढिगाचा श्रीधरसेठनं पुकारा केला. प्रेमिलानं बोट वर करून आकडा सांगितला. मागून कुसुमावतीनं वीस रुपये चढवून सांगितला. प्रेमिलानं वळून पाहिलं. तिचे डोळे मोठे झाले, मग बारीक झाले. पुढं तोंड करून तिनंही दहा चढवले.

"वीस अजून," कुसुमावती म्हणाली.

"दहा."

"पन्नास!"

आजूबाजूचे भाजीवाले जवळ सरकले. श्रीधरसेठचा चेहरा उजळत गेला. पालकाला असा भाव त्यानं दिवाळीतही पाहिला नव्हता. प्रेमिलानं एकदा आपल्या बटव्यावर हात ठेवला, त्यात अकरा जणींचे पैसे होते, आणि मग हात जोडले.

"बाईले द्या," ती म्हणाली.

पालक गेली. मग आंबाडी. मग चवळी, मेथी, भेंडी, कोथिंबीर, भेदरं म्हणजे टमाटर, लाल भोपळे. प्रेमिला ज्या ढिगापाशी जाई त्या ढिगापाशी कुसुमावती जाई. तासाभरानं हेमराजच्या टेम्पोत पाय ठेवायला जागा नव्हती आणि प्रेमिलाची रिक्षा रिकामी होती. श्रीधरसेठनं कुसुमावतीला खुर्ची दिली, चहा दिला, वर दोन बिस्किटं. "रोज येत जा बाई," तो अगदी मनापासून म्हणाला.

परतताना हेमराज भरलेला टेम्पो सावकाश चालवत होता. रिंग रोडला लागल्यावर म्हणाला, "माय, एक सांगू?"

"नको सांगू."

"घरातल्या घरात बोली लावली आपण. दोघी मिळून घेतलं असतं तं अर्ध्यात आलं असतं."

"गाडी चालव."

पण ती मनातून खूश होती. आरशात मागं रिकामी रिक्षा येताना दिसत होती, आणि पुलापर्यंत ती त्या आरशातून नजर काढू शकली नाही.

*

भाजी उतरवेपर्यंत ऊन तापलं. कुसुमावतीनं मागाच्या खोलीचं कुलूप काढलं, फळ्या बाजूला केल्या. उन्हाळ्यात कोरड्या हवेत सूत तटातट तुटायचं, म्हणून बापूजी खड्ड्याच्या तळाला पाणी शिंपडायचे, कडेनं ओली पोती लावायचे. हे तिनं दारातून पाहिलं होतं. आत पाऊल टाकायची तिला कधी गरज पडली नव्हती, किंवा कुणी बोलावलं नव्हतं. तिनं भारतीकडून तसंच करून घेतलं. पालक, आंबाडी, मेथी खाली गारव्यात रचली. जी मावली नाही ती अंगणात, ओल्या लुगड्याखाली.

मग भोजनालय त्या दिवसापुरतं बंद ठेवून ती दारात तराजू घेऊन बसली.

नऊ वाजता कोणी नाही. वस्तीतली प्रत्येक कमावती बाई कामावर गेली होती, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. तिची गिऱ्हाइकं ट्रकवाली, ती दुपारी यायची. दहा वाजता बाजूच्या गल्लीतली सुहासिनी आली. मांडवाच्या कामावर जाणारी, नवरा आजारी असलेली बाई.

"बाई, दहा रुपयाचं द्या. थोडी पालक, एक भेदर, दोन मिरच्या."

"पालकाची जुडी पंधराची आहे."

"अर्धी द्या."

"मी जुडी तोडत नाही. घ्याची तं पूर्ण घे. प्रसाद वाटाले बसली का मी?"

सुहासिनीनं हातातली नोट परत मुठीत घेतली. "प्रेमिलाताई देते तोडून," ती म्हणाली, आणि निघून गेली.

त्यानंतर दोन म्हाताऱ्या आल्या. एकीला कुसुमावती म्हणाली, हाताळू नको. दुसरीला म्हणाली, घ्याची नसंल तं उभी काहून आहे. गल्लीत उरलेल्या बायांनी हे आपापल्या दारातून ऐकलं आणि दारं लोटली.

बारा वाजता अंगणातल्या लुगड्याखालची मेथी पिवळी पडायला लागली. एक वाजता कुसुमावतीनं पाणी मारलं. दोन वाजता तिनं लुगडं उचलून पाहिलं आणि परत टाकलं. आता तिला भीती वाटायला लागली होती. पैशाची नाही. भोजनालयाची कमाई गाठीला होती. उद्या सकाळी तिच्या दारापुढं सडक्या भाजीचा डोंगर पडेल, गाई येतील, आणि कामावर जाणारी प्रत्येक बाई तो पाहत पाहत जाईल. गोपिका तर धरमपेठेपर्यंत सांगत जाईल.

भारती चहा घेऊन आली. ती खाली बसली, अंगणातली चवळी पुढं ओढली, मूठभर चवळी, चार काड्या कोथिंबीर, दोन मिरच्या, एक भेदर असं एकत्र करून केळीच्या सोपटानं बांधलं. गाठ इतक्या चपळाईनं मारली की कुसुमावतीला दिसलीच नाही. मागावर ताण्याचं तुटलेलं सूत जोडताना मारतात ती गाठ.

"हे काय?"

"दहाची मोळी. चार माणसायची एका वेळची भाजी. रोजीवाल्या बायायले एवढीच पाह्यजे. उद्याचे पैसे उद्या येतात."

"कोणी शिकवलं?"

भारतीनं दुसरी मोळी बांधायला घेतली. उत्तराची गरज नव्हती. कुसुमावतीनं सोपट हातात घेतलं आणि स्वतः बांधून पाहिलं. पन्नास माणसांचा रस्सा ती डोळे मिटून अंदाजानं करायची, पण दहा रुपयात चार माणसं कशी बसवायची, हे तिच्या हाताला येईना. एकदा फार झालं, एकदा इतकं थोडं की लाज वाटावी. मोळी सुटली.

"काकूले बोलावू?" भारतीनं हळूच विचारलं.

"खबरदार!"

*

साडेसहाला शहराकडून येणारी बस टेकडीखाली थांबली. बाया उतरल्या, डोक्यावर पदर, हातात डबे, आणि सवयीनं सरळ विजेच्या खांबापाशी गेल्या. तिथं रिकाम्या रिक्षेजवळ प्रेमिला उभी होती. कुसुमावतीला दारातून सगळं दिसत होतं, ऐकू काही येत नव्हतं. ती वाट पाहत होती. आता सांगेल ही. माह्या जावेनं सगळा बाजार उचलला, माह्यावर जळते म्हणून. आता बाया वळून पाहतील, थुंकतील. थुंकू दे. तिनंही उत्तरं तयार करून ठेवली होती, दुपारभर.

प्रेमिलानं काहीतरी सांगितलं. मग हात वर करून कुसुमावतीच्या दाराकडं दाखवलं. आणि तीस-चाळीस बाया वळल्या आणि चढण चढून यायला लागल्या.

कुसुमावतीचं अंग पेटलं. शिवी दिली असती तर परवडलं असतं. गिऱ्हाईक दान देते! मले!

"थांबा तिथंच," ती दारात उभी राहून ओरडली. "कोणाच्या सांगण्यावरून माह्या दारात याची गरज नाही."

बाया थबकल्या. एकमेकींकडं पाहायला लागल्या. मागून प्रेमिला आली, धापा टाकत, गुडघ्यावर हात ठेवत.

"काय झालं बाई?"

"तुही मेहरबानी नको मले. घेऊन जाय तुह्या बाया."

आणि मग चाळीस वर्षांत पहिल्यांदा प्रेमिलाचा आवाज चढला.

"माह्या बाया? ह्यायच्या घरी चूल पेटाची आहे, बाई! तुमच्यासाठी नाही पाठवल्या मी. सकाळपासून आठ घरची भांडी घासून आल्या ह्या. आता खाली उतरून, ऑटो करून, बाजारात जातील का? पोरायले पाकीट देतील न झोपवतील. माह्यावर जळता ना? जळा. मी कधी हूं का चूं केलं नाही. पण त्या जळण्यात पालक काहून टाकता?"

कोणीतरी मागं फिसकन हसलं आणि दाबलं. जागेश्वर कुठून तरी येऊन उभा राहिला होता, त्याचं तोंड उघडंच होतं.

"तुले काय समजते जळणं!" कुसुमावती म्हणाली. "लाडाची सून तू. मागावर बसवली तुले. पाहुण्यायले दाखवत होते, तुह्या हातात सूत बोलते म्हणून."

"बसवली? डांबली!" प्रेमिलाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते रागाचं होतं. "नऊ-नऊ तास खड्ड्यात पाय टाकून. एकोणीस वर्षाची होती मी. तिकडं तुमच्या चुलीपाशी बाया जमत, तुमच्या रश्श्याचा वास येई, तुमी काहीतरी बोलल्या का खदाखदा हसत सगळ्या. अन मले धोटा सोडून उठाची परवानगी नाही. मी रोज मनात म्हणे, देवा, मोठीचं काम मले दे. तुमीच जळल्या का एकट्या? मीबी जळली, बाई. रोज."

कुसुमावती तिच्याकडं पाहत राहिली. मऊ व्हायला हवं होतं, असं पाहणाऱ्यांना वाटलं असेल. तिला दुसरंच काही होत होतं. तिच्यावर कोणी जळत होतं. बारावी शिकलेली, किनारीची धाकटी, तिच्यावर, तिच्या चुलीवर, रोज! बापूजींनी जे कधी दिलं नाही ते ही बाई सगळ्या वस्तीसमोर रडत रडत देत होती. कुसुमावतीला ते इतकं गोड लागलं की तिनं ते पुन्हा एकदा मनात चाखून घेतलं.

"रश्श्याचा वास मागाच्या खोलीपर्यंत येत होता?" तिनं विचारलं.

"खड्ड्यापर्यंत."

"हं," कुसुमावती म्हणाली. पदर कमरेला खोचला. "उभ्या काहून राहिल्या सगळ्या? अंधार पडून राहिला."

ती मागाच्या खोलीत गेली. खड्ड्याच्या काठावर बसली, एक पाय सोडला, मग दुसरा. तळाची ओल तळपायाला लागली आणि अंगावर शहारा आला. इतकी वर्षं हा गारवा घरात होता आणि ती चुलीपाशी घामाघूम होत राहिली. खालची पालक तिनं हातानं चाचपली. ताजी होती, जशी पहाटे होती तशीच.

"भारती! घे वं. प्रेमिला, तू दारात बस. दहाच्या बांध, पाचच्या बांध, मले विचारू नको."

मग घाई झाली. खालून जुडी वर यायची, भारती धावत न्यायची, दारात प्रेमिलाचे हात फिरायचे, गाठ पडायची. अंगणातली पिवळी मेथी कुसुमावतीनंच आतून ओरडून म्हाताऱ्यांना फुकट द्यायला लावली. सुहासिनी आली तेव्हा तिनं दारातून आत वाकून पाहिलं.

"पालक चांगली आहे, प्रेमिलाताई."

"मी आणली!" खड्ड्यातून आवाज आला.

सुहासिनी दचकली. "तुमी आणली बाई," ती म्हणाली, आणि जाता जाता तोंडावर पदर धरून हसली.

निम्मा खड्डा रिकामा झाला तेव्हा हेमराज मोबाईल हातात धरून आला. "माय, तो एजन्सीवाला. उद्या सकाळी पाकिटाचा माल उतरवतो म्हणते."

"त्याले सांग, खोली भरली."

"पण मी जबान..."

"तुही जबान तुह्या टेम्पोत ठेव."

हेमराज गेला. प्रेमिला दारातून उठली, पाय ओढत खड्ड्याच्या काठाशी आली. खाली कुसुमावती ओल्या पोत्यावर हात टेकून बसली होती, कानामागं मेथीचं पान अडकलेलं.

"म्हणजे खोली..."

"किल्ली माह्या कमरेलेच राहील."

"राहू द्या."

"पहाटे पाह्यजे तं मले सांगावं लागंल."

"चारले येईन."

"मी तीनले उठते. अन बाजारात मीबी येईन. टेम्पो आपला आहे, ती रिक्षा काय कामाची."

"या. फक्त बोली एकीनंच लावाची, बाई."

"मी लावीन."

"लावा."

इतक्या पटकन ती 'लावा' म्हणाली की कुसुमावतीच्या मनात संशय आला. तिनं मान वर करून धाकटीच्या चेहऱ्याकडं पाहिलं, पण वर दाराचा उजेड होता आणि चेहऱ्यावर सावली. ह्या सौद्यात आपण नेमकं काय हरलो, ते तिला सापडेना. ते शोधत, ओठ घट्ट मिटून, तिनं पुढची जुडी वर दिली.